पाकिटातला घोडा

आमच्या खोनी गावातली जुनी माणसं म्हणायची, मुलीच्या आंदणात तीन वस्तू हव्यातच: पिसांची गादी, तांब्याचं पातेलं आणि बुद्धिबळाचा पट. गादी नि पातेलं कशाला ते कुणी विचारत नाही. पट अशासाठी, की सासरी गेलेल्या पोरीला एक तरी जागा हवी जिथे ती सासऱ्याच्या तोंडावर ‘शह’ म्हणू शकेल. पिकरियाच्या बापाने तर अक्रोडाचं लाकूड स्वतः तासून पट केला होता आणि सोंगट्यांना तीन थर तेल दिलं होतं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी तिने सासऱ्यावर मात केली. म्हातारा इतका खूश झाला, की द्राक्षवेलींना टेकू लावायचं काम अर्धं टाकून शेजारच्या सात घरी सांगून आला. आठव्या घरी त्याला दारू मिळाली, म्हणून पुढची घरं राहिली.

अशा त्या पटावर पिकरियाचा नवरा रोज सकाळी दुसऱ्याच बाईचे डाव मांडायचा. हे दुःख तिने कुणाला सांगावं?

नवऱ्याचं नाव ओतार. धंद्याने न्हावी. दुकानात गिऱ्हाइकांसाठी वर्तमानपत्रं यायची. कुठल्याही पत्रात लामाराचा डाव छापून आला, की हा केस कापायच्या कात्रीने तो अलगद कापून घरी आणायचा. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी, कॉफीचा छोटा पेला शेजारी ठेवून, एकेक चाल पटावर लावून बघायचा. मध्येच थांबून हनुवटीला हात लावायचा. मध्येच हसायचा. एखादा घोडा कुठून तरी उडी मारून कुठे तरी जाऊन बसला, की मान हलवत म्हणायचा, “काय बाई आहे!”

आणि पिकरिया तिथेच, चार हातांवर, मक्याच्या भाकऱ्या थापत उभी.

लामारा ही काही सिनेमातली नटी नव्हती. ती खोनीचीच. तिचं घर, पिकरियाचं घर आणि ओतारचं घर, तिन्ही एका विहिरीच्या पाण्यावरची. वालिको मास्तरांच्या बुद्धिबळाच्या वर्गात तिघं एका बाकावर शिकली. मास्तर एका हाताने सफरचंद सोलायचे आणि दुसऱ्याने पोरांचे कान धरायचे. लामाराचा कान त्यांनी कधी धरला नाही. एका हिवाळ्यात ओतार लामाराचा पट काखेत मारून तिला घरापर्यंत पोचवायला जायचा. त्यापुढे काही घडलं नाही, पण खोनीत तेवढ्यावर तीन वर्षं चर्चा चालते. पुढे लामारा राजधानीला, तिबिलिसीला गेली, मास्टर झाली, परदेशी खेळून आली. पिकरिया पोस्टात लागली आणि तिने ओतारशी लग्न केलं. तसं पाहिलं तर नवरा तिने जिंकला होता. पण जिंकलेला माणूस रोज सकाळी हरलेल्या बाजूला जाऊन बसत असेल, तर त्या जिंकण्याला काय चाटायचं?

पिकरियाही खेळायची बरं का. दर गुरुवारी क्लबात जायची, पहिल्या श्रेणीची खेळाडू होती. ती घरी आली की ओतार विचारायचा, “जिंकलीस?” ती हो म्हणाली तर तो म्हणायचा, “छान.” नाही म्हणाली तर म्हणायचा, “असू दे.” आणि दोघं जेवायला बसायची. कशी जिंकलीस, कुठल्या चालीला जिंकलीस, हे पंधरा वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही. तिला राजवाडा नको होता, अंगठी नको होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्याने तिच्या चालीपाशी थांबून हनुवटीला हात लावावा, एवढंच हवं होतं.

ती संधी एक्याऐंशी सालच्या वसंतात आली. जवळच्या कुताईसी शहरात बायकांची स्पर्धा होती. दहा जणी खेळणार होत्या. त्यातल्या एकीला ऐनवेळी गालगुंड झालं. चाळिसाव्या वर्षी गालगुंड होतं हे पिकरियाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. राखीव यादीत पहिलं नाव हिचं, म्हणून बोलावणं आलं. शोभेला म्हणून तिबिलिसीहून लामारा येणार होती. लामाराच्या नावापुढे गुण दोन हजार दोनशे ऐंशी. पिकरियाच्या नावापुढे एक हजार आठशे नव्वद. ज्यांना या आकड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: खोनीच्या गवळ्यांनी एकत्र येऊन राजधानीच्या संघाशी फुटबॉल खेळावा, इतकं अंतर.

आठ फेऱ्यांत पिकरिया पाच हरली, दोन बरोबरीत सुटल्या, एक जिंकली. शेवटच्या फेरीत समोर लामारा. ओतारने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. दारावर पाटी लावली, ‘कुताईसीला गेलोय’. पिकरियाच्या आधीच्या आठ डावांना दुकान चालू होतं, हे तिच्या बरोबर लक्षात होतं.

सकाळी दहाला दोघी पटाशी बसल्या. लामाराने राखाडी रंगाचा कोट घातला होता, असा शिवलेला की खांद्यावर सुरकुती नाही. हात मिळवताना ती गोड हसली. “किती वर्षांनी गं, पिकरिया! आणि ओतार अजून पहिल्याच रांगेत बसतो वाटतं.”

“त्याला लांबचं दिसत नाही,” पिकरिया म्हणाली, आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकललं.

त्या दिवशी ती जी खेळली, ते रागाचं बळ होतं. राग माणसाला मूर्ख करतो म्हणतात, पण पहिले पाच तास तो पहारेकऱ्यासारखा उपयोगी पडतो. लामाराने दोनदा सापळा लावला, दोन्हीदा हिने तो नुसता ओलांडला. लामाराने घाईत एक प्यादं सैल सोडलं, ते हिने उचललं आणि मग दाराला कडी लावल्यासारखी बसून राहिली. सभागृहात कुजबुज सुरू झाली. भिंतीवरच्या मोठ्या पटाकडे लोक बोटं दाखवायला लागले. तीन वाजता पंच पाकीट घेऊन आला.

तेव्हाची रीत अशी होती, की पाच तासांत डाव संपला नाही तर तो थांबवायचा. ज्याची पाळी असेल त्याने पुढची चाल पटावर करायची नाही. ती कागदावर लिहायची, कुणाला न दाखवता पाकिटात घालून चिकटवायची आणि पंचाच्या ताब्यात द्यायची. मग दोन तासांनी खेळ पुन्हा सुरू होताना पंच पाकीट फोडणार आणि तीच चाल पटावर मांडणार. मधल्या वेळात तुम्ही घरी जा, जेवा, भावाला विचारा, देवाला विचारा. पण लिहिलं ते लिहिलं.

पाळी पिकरियाची होती. चाल सरळ होती. वजिरांची मारामारी करायची, म्हणजे आपला वजीर देऊन तिचा घ्यायचा, की मग एक प्यादं जास्त घेऊन बैलगाडीच्या चालीने विजयापर्यंत पोचायचं. तिने पेन उचललं. आणि उगीच, अगदी उगीच, सभागृहाकडे पाहिलं.

ओतार पहिल्या रांगेत, हनुवटीला हात लावून, लामाराकडे टक लावून बसला होता.

पिकरियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पटावर आणखी एक चाल होती, ती तिला मघाशीच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली होती. घोडा सरळ काळ्या राजापुढच्या प्याद्यावर फेकायचा, राजाने तो मारला की वजिराने शह द्यायचा. पुढे काय, ते तिने नीट मोजलेलं नव्हतं. पण चाल अशी होती, की वर्तमानपत्रात छापून यावी आणि कात्रीने कापली जावी. तिने घोडा लिहिला, पाकिटाची कड जिभेने ओली केली आणि दाबून चिकटवलं.

पोस्टात तिच्याकडे महिन्याला एखादा तरी माणूस घाम पुसत यायचा. मघाशी पेटीत टाकलेलं पत्र परत द्या म्हणायचा, रागात लिहिलं होतं म्हणायचा. एकाने तर बदल्यात द्यायला कोंबडी आणली होती. ती प्रत्येकाला सांगायची, पेटीत पडलं की ते तुझं नाही, सरकारचं. पंचाने पाकिटावर सही केली आणि खिशात ठेवलं, तेव्हा त्या कोंबडीवाल्याचं तोंड तिला पहिल्यांदा नीट आठवलं.

ओतारची चुलतबहीण एतेरी सभागृहामागच्याच गल्लीत राहायची. सज्जात टेबल मांडलेलं, चीज भरलेली गरम खाचापुरी, राजम्याचं कालवण, आंबट आलुबुखाऱ्याची चटणी. ओतारने ताटं बाजूला सारली, खिशातून छोटा पट काढला आणि काळ्या सोंगट्यांच्या बाजूला जाऊन बसला.

“तिच्या बाजूला बसलास,” पिकरिया म्हणाली.

“मग कुणाच्या बसू? तुझ्या बाजूला तू आहेस.”

तसं त्याचं बरोबर होतं. डाव तपासताना कुणाला तरी शत्रू व्हावंच लागतं. पण मत्सराला असलं काही सांगून उपयोग नसतो. ओतारने तिला न विचारताच वजिरांची मारामारी केली आणि पुढे खेळायला लागला. लामारा इथून सुटेल का, तिथून सुटेल का, याच्या शंभर वाटा त्याने शोधल्या आणि स्वतःच एकेक बंद केली. अर्ध्या तासात त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. तो म्हणाला की लामारा मेलेली आहे, तिला कुठूनही वाट नाही. मग पिकरियाकडे बघून, जन्मात केली नसेल अशी स्तुती त्याने केली: “साधं, सरळ, तुझ्यासारखं. नखरा नाही. म्हणून तर जिंकतेयस.”

पिकरियाने हातातला खाचापुरीचा तुकडा परत ताटात ठेवला. एतेरीने विचारलं, मीठ जास्त झालं का. पिकरिया म्हणाली, नाही, झकास झालंय, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एतेरीने न विचारताच तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि ती आत गेली. आत म्हणजे दाराआड.

“वजीर नाही,” पिकरिया म्हणाली. “मी घोडा लिहिलाय.”

“कुठला घोडा?”

“पटावर माझा एकच आहे.”

ओतारने घोडा उचलून प्याद्यावर ठेवला. परत उचलला, परत ठेवला, जणू दुसऱ्यांदा ठेवल्यावर तो वेगळा दिसेल. मग हळूच विचारलं, “का?”

“पंधरा वर्षं सकाळी उठून मी घोडेच ऐकतेय. म्हटलं, माझाही एक असू दे.”

दाराआडून एतेरीचा श्वास ऐकू आला. ओतारने घोडा परत त्याच्या जागी ठेवला. मग म्हणाला, “पिकरिया, मला फुटबॉलही आवडतो. म्हणून मी गोलकीपरशी लग्न केलं नाही.”

एतेरीला हसू फुटलं. पिकरियाला फुटलं नाही. ती म्हणाली की गोलकीपरचा पट काखेत मारून कुणी त्याला घरी पोचवत नाही. यावर ओतारने सोंगट्या नीट मांडल्या आणि दोघांनी मान खाली घातली, कारण चार वाजून गेले होते आणि पाकीट पंचाच्या खिशात होतं.

राजाने घोडा मारला. वजिराचा शह. आता राजाला दोनच घरं. मागे, कोपऱ्याकडे गेला तर संपला. हत्ती येऊन दार लावतो. पण एक घर पुढे, उघड्या मैदानात आला तर त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं, आणि पिकरियाचा घोडा फुकट गेला असता. त्यांनी वीस मिनिटं शोधलं. पुढच्या घरावर औषध सापडलं नाही. ओतारने काळा राजा बोटाने मागे ढकलला, पुढे ढकलला, परत मागे ढकलला. आणि एकदम खुर्चीला टेकून बसला.

“ती पुढे येणार नाही.”

“कशावरून?”

“मला माहीत आहे. वजीर पटावर असताना तिने राजा कधी उघड्यावर काढलेला नाही. एकाही डावात नाही. वालिको मास्तर ओरडायचे तिला त्यावरून, आठवतं? ती मागे जाईल. शिवाय आत्ता ती तिच्या प्रशिक्षकाला घेऊन वजिरांच्या मारामारीवरच डोकं फोडत बसली असणार. तू घोडा फेकशील असं कुणाच्या स्वप्नातही नाही.”

हे सगळं पिकरियाच्या फायद्याचं होतं. पण तिला ते असं ऐकू आलं, जसं कुणी आपल्याच घराची किल्ली परक्या बाईच्या पदरातून सोडून देतंय.

“तिचा राजा कुठे जाईल ते तुला माहीत,” ती म्हणाली. “मी काय लिहीन ते माहीत नव्हतं.”

ओतारने थंड झालेल्या खाचापुरीचा मोठा तुकडा तोडला आणि तो तिच्या ताटात ठेवला.

पाच वाजता पंचाने पाकीट फोडलं. कागद वाचला, एकदा चष्मा पुसला आणि घोडा काळ्या राजापुढच्या प्याद्यावर नेऊन ठेवला. सभागृहात असा आवाज झाला, जणू कुणाच्या हातून थाळी पडली. लामाराची पाठ ताठ झाली. तिने दोन मिनिटांत घोडा मारला, ते भागच होतं. पिकरियाने वजिराचा शह दिला आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली.

लामारा विचार करायला लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिने कोटाचं वरचं बटण काढलं. तिचा हात पटावर आला आणि पुढच्या घरावर, त्या मोकळ्या घरावर, हवेत थांबला. पिकरियाच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते तिने पुढे एतेरीला सांगितलं आणि एतेरीने अख्ख्या इमेरेती प्रांताला. तिच्या मनात आलं, ये पुढे. हरवून टाक मला. म्हणजे ओतारला तू माहीत नाहीस हे तरी सिद्ध होईल.

लामाराने राजा मागे नेला.

पिकरियाने पहिल्या रांगेकडे बघितलं. ओतारने डोळे मिटून घेतले होते. तो आनंद होता की लामाराबद्दलची हळहळ, हे ओळखता येईना. तिने बघायचं थांबवलं आणि हत्ती आणला. नऊ चालींनंतर लामाराने घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. टाळ्या पडल्या. पिकरियाच्या गालावर लाल चट्टे उठले होते आणि बोटं बर्फासारखी होती.

डाव संपला की दोघींनी मिळून तो परत चाळायचा, ही आपल्याकडची सभ्यता. लामाराने सोंगट्या मागे नेल्या. “राजा पुढे यायला हवा होता.”

“हो.”

“तुला दिसलं होतं?”

“हो.”

“आणि तरी लिहिलंस. मी मागे जाईन हे तुला कसं कळलं?”

आता खोटं बोलायला काय लागतं? मला वाटलं, म्हटलं असतं की झालं. पण मत्सरी माणूस एका बाबतीत फार प्रामाणिक असतो. जिथे दुखतं तिथेच तो बोट ठेवतो.

“ओतारने सांगितलं,” पिकरिया म्हणाली. “तुझे सगळे डाव त्याला पाठ आहेत.”

“सगळे?”

“वर्तमानपत्रात आलेला एकही सुटलेला नाही.”

लामाराने सभागृहाकडे पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत होत्या. ओतार टोपी हातात घेऊन उभा होता, पुढे यावं की न यावं अशा विचारात. लामारा म्हणाली, “आमच्या ह्यांचा फोन येतो संध्याकाळी. किती गुण झाले, विचारतात. मी सांगते. बरं म्हणतात.” ती अजून ओतारकडेच बघत होती. “तुझं बरं आहे गं.”

ती नजर पिकरियाने ओळखली. पंधरा वर्षं रोज सकाळी भाकऱ्या थापताना तिच्या स्वतःच्या डोळ्यांत ती होती. भल्या बाईला अशा वेळी दया आली असती. पिकरियालाही ती यायला निघाली असावी, पण इतक्यात लामारा खुर्ची सारून उठली आणि कोट सारखा करत म्हणाली, “थांब, मी त्याला भेटून येते. इतक्या वर्षांत—”

“आमची बस आहे,” पिकरिया म्हणाली.

ती कशी उठली, पर्स कधी उचलली, कुणाला कळलं नाही. लामारा टेबलाला वळसा घालेपर्यंत हिने ओतारचा दंड धरला होता आणि त्याला दारापर्यंत नेलं होतं. ओतार मागे बघत टोपी हलवायला लागला, तर तिने तो हातही धरला.

“अगं, बस साडेसातची आहे. आत्ता सहासुद्धा वाजले नाहीत.”

“चालत जाऊ. हवा चांगली आहे.”

पुलावर खरंच हवा चांगली होती. खाली रिओनी नदीचं पाणी पांढऱ्या दगडांवर आपटत होतं. पूल अर्धा झाला. पिकरिया वाट बघत होती आणि वाट बघतेय हे दिसू नये म्हणून भराभर चालत होती. आता हा म्हणेल, जिंकलीस, छान. मग दोघं कुठे तरी जेवतील.

ओतार कठड्याला टेकून थांबला. त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि हनुवटीला हात लावला.

“तो घोडा तुला दिसला केव्हा? पाकीट आलं तेव्हा, की आधीपासून?”

“आधी. पण असं मधूनच सांगितलं तर तुला कळणार नाही,” पिकरिया म्हणाली. “पहिल्या चालीपासून सांगते.”

“सांग.”

ती सांगायला लागली. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. हाताच्या तळव्यावर बोटाने घरं दाखवत होती आणि तो मान वाकवून तिच्या तळव्यात बघत होता. बाराव्या चालीला त्याने तिला थांबवलं.

“थांब, थांब. इथे लामाराने हत्ती का नाही—”

“नाव घ्यायचं नाही,” पिकरिया म्हणाली. “काळ्याने, असं म्हण.”

“बरं. काळ्याने हत्ती का नाही आणला?”

“आणला असता तर प्यादं गेलं असतं. बघ इकडे,” ती म्हणाली, आणि तळवा त्याच्या आणखी जवळ नेला.